धोंडाबाईंची तांबडी सुरी

नाशिक, १२ मार्च १९३४

अम्मीला हनीफचा सलाम. तुझा गुडघा आता कसा आहे?

माझी काळजी करू नकोस. तांब्याच्या कारखान्यातली नोकरी टिकली. जाणारच होती.

तेजाबात घातलेली भांडी मी धुतो. ते हिरवं पाणी शेजारच्या धोंडाबाईंच्या केळींत जायचं. त्यांनी त्यात लोखंडी सुरी बुडवली, तर पाण्यातलं तांबं चढून ती तांबडी होऊन निघाली. तीच घेऊन त्या मालकांसमोर उभ्या राहिल्या. मालक मला म्हणाले, "तूच निस्तर, नाहीतर घरी जा."

फडक्यातून गाळलं, वाळूतून गाळलं, उपयोग नाही. शेवटी जवळच्या दगडखाणीतले पांढरे खडे बारीक फोडून पिंपात भरले आणि पाणी त्यातून हळूहळू सोडलं. धोंडाबाईंनी घासलेली सुरी त्या पाण्यात तासभर ठेवली. ती तांबडी झाली नाही. त्या म्हणाल्या, "आता सोड केळींना. पण खडे बदलत जा."

हात जरा हिरवे दिसतात, पण दुखत नाहीत. आपली धाकटी सुरय्या शाळेत जाते ना?

वापरलेले खडे तांबं धरून निळे झालेत. मालकीणबाईंना वाटतं पिरोजा आहे. त्यांनी एक अंगठीत बसवायला दिलाय. मी गप्प आहे. नोकरी नुकतीच वाचली आहे.

तुझ्या दुव्यातला,
हनीफ