निळे जिंकावेत म्हणून

१२ सप्टेंबर

व्याहीबुवा,

सप्रेम नमस्कार. विहीणबाईंनाही सांगा. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे चिमणीच्या आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि वर आल्यावर ती माझ्यावर कुरकुरते.

ठरल्याप्रमाणे हरलेला आधी लिहितो आहे. चिमणीचं तुमच्या घरी लग्न ठरलं तेव्हा आपण दोघं फोनवर मॅचवरून असे काही भांडलो की दोन्हीकडच्या बायकांनी फोनवर फुटबॉल बंद करून टाकला. काय ते कागदावर भांडा म्हणाल्या. तेव्हापासून हरणाऱ्याने आधी पत्र टाकायचं आणि जिंकणाऱ्याने दात काढत उत्तर द्यायचं, हे आपण पाळत आलो. काढा दात.

पण खरं सांगू का, तुमचे निळे जिंकले नाहीत, आमचे पिवळे हरले. आमच्या गोलीने तो पहिला चेंडू असा सोडला की डेपोतली पोरं म्हणाली, काका, याला आपल्याकडे ब्रेक तपासायला बसवा, एकही गाडी थांबणार नाही. तीस वर्षं बसचे ब्रेक दुरुस्त करतोय, पण असा हात मी कुणाचा पाहिला नाही. तुमचा दुसरा गोल मात्र ऑफसाइड होता. रेफरी तुमच्याकडे कपडे शिवतो का हो? माप घेताना जरा सढळ हात ठेवला असेल तुम्ही.

रविवारी चिमणीला फोन केला होता. पाठीमागे तुमचा रेडिओ एवढा मोठा होता की ती काय बोलते ते धड कळेना. पूर्वी फोन ठेव म्हणावं लागायचं, आता दोन वाक्यांत आटोपते. हात भाजलाय म्हणाली. कुठला हात, कशाने, विचारलं तर म्हणाली, दूध उतू जातंय. तिच्याकडे जरा लक्ष असू द्या. लहानपणापासून वेंधळीच आहे. जावईबापूंना आशीर्वाद.

तुमचा हरलेला व्याही


२९ ऑक्टोबर

व्याहीबुवा,

नमस्कार. या वेळी पत्र तुमचं आधी आलं, तेव्हाच समजलो. तळाच्या संघाकडून हरलात. एरवी मी तुम्हाला चार पानं सोलून काढलं असतं. या खेपेला माफ केलं असं समजा.

तुम्ही लिहिलंत की निळे हरले की तुमच्या घरात सुतक असतं, कुणी कुणाशी बोलत नाही, आणि तुमच्या मुलाचं तर डोकंच फिरतं. "आमचं रक्तच निळं," असं गमतीने लिहिलंय तुम्ही. मी ते चिमणीच्या आईला वाचून दाखवलं. ती हसली नाही.

ती मागच्या आठवड्यात तुमच्याकडे येऊन गेली ना, तेव्हापासून तिचं जेवणावर लक्ष नाही. चिमणीच्या मानेवर वळ आहे म्हणते. चिमणीने सांगितलं, कपाटाचं दार लागलं. मी म्हटलं, लागलं असेल, आपल्याकडेही त्या कपाटाने मला दोनदा फोडलंय. तर म्हणाली, "दाराला बोटं असतात का?" मी तिला ओरडलो. नसते संशय घेऊन पोरीच्या संसारात बिब्बा घालू नको म्हणालो.

हसू नका, पण काल डेपोत मी तुमच्या निळ्यांची मॅच ऐकली. आमचीही चालू होती, ती सोडून. तुम्ही बरोबरी केलीत तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पोरांनी विचारलं, काका, आज पार्टी बदलली का. मी म्हटलं, शत्रूवर नजर ठेवायला हवी. तुम्ही टेलर लोक कापडाची उलटी बाजू बघता, तसं या पत्राचं करू नका.

मुलगा हरल्यावर चिडतो म्हणता, तर तेवढ्यापुरतं चिमणीला विहीणबाईंजवळ बसवत जा. तुमचं दुकान पुढे, पोरांची खोली मागे, मध्ये एक लाकडी फळी. हाकेच्या अंतरावर तर आहात सगळे.

तुमचा व्याही


७ डिसेंबर

व्याहीबुवा,

नमस्कार. चिमणी इथे येऊन तीन आठवडे होत आले आणि तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता, सून कधी पाठवता. तुमचाही नाइलाज असेल. शेजारी विचारत असतील. इथेही विचारतात. बायको सांगते, आराम करायला आलीय. वरच्या मजल्यावरची बाई डोळे बारीक करून म्हणाली, "एवढा आराम?"

ती आली तेव्हा तिच्या हातात एक पिशवी होती आणि पायात घरातल्या सपाता. तिला न्हाऊ घालताना तिच्या आईने पाठ पाहिली. मी पाहिली नाही. मला सांगितलं तेवढं पुरलं.

परवा जावईबापू येऊन गेले. माझ्या पाया पडले, रडले. औषधांच्या गोदामात दिवसभर वरच्यांची बोलणी खातो, त्यात निळे हरले की डोक्यात राख जाते, पुन्हा होणार नाही, असं म्हणाले. पुरुष माणूस असा ढसाढसा रडताना मी प्रथमच पाहिला. तुमच्या पत्रातही तेच आहे, की वाईट नाही पोरगा, हरणं सोसत नाही एवढंच. बाप आणि मुलगा दोघं एकच सांगतात म्हटल्यावर मी तरी काय समजू. मीही हरल्यावर जेवणाचं ताट सरकवलेलं आहे. ताटच सरकवलं, पण सरकवलं.

चिमणी म्हणते, नको. तिची आई म्हणते, पाठवलंत तर मीही हिच्याबरोबर घर सोडीन. दोघी दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. पण जन्मभर पोरीला घरात बसवून कसं चालेल, हे कुणीतरी बोलायला हवं ना. वाईटपणा घ्यायला बाप असतोच.

येत्या गुरुवारी मी स्वतः तिला आणून सोडतो. पुढच्या चारही मॅच तुमच्या घरच्या मैदानावर आहेत आणि समोरचे संघ यथातथाच आहेत. हे मी उगाच लिहीत नाही. त्या चार जिंकलात की वर जाल, घरात जरा हवा बदलेल, पोरांचं पुन्हा जमेल. मी या हंगामात पिवळ्यांवर पाणी सोडलंय. तुम्ही जिंका.

तुमचा व्याही


१९ जानेवारी

टेलरसाहेब,

तुमचं पत्र पोचलं. चार-शून्य. चारही गोल सविस्तर लिहिलेत, पहिला हेडरने, दुसरा पेनल्टीवर, तिसऱ्याला त्यांचा बचाव झोपला होता, आणि चौथा तर मैदानाच्या अर्ध्यातून. जिंकल्यावरही या वेळी राहवेना म्हणून आधी लिहितोय, असं म्हणालात. शेवटी एक ओळ, "सूनबाई जरा पडली, कानाला लागलंय, काळजी नसावी."

ते पत्र मला हॉस्पिटलमधून परत आल्यावर मिळालं. तोवर तुमच्या शेजारच्या बाईने आम्हाला कळवलं होतं आणि आम्ही तिला घेऊनही आलो होतो. तुम्ही तेव्हा दुकानात कुणाचं तरी माप घेत होतात. मान वर केली नाहीत.

डाव्या कानाचा पडदा गेला. आतलंही काही दुखावलंय. डॉक्टर म्हणाले, या कानाने आता ऐकू येईल अशी आशा धरू नका. डावं मनगट मोडलंय. ती पडली नव्हती.

मी गोंधळलो होतो, टेलरसाहेब. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की अहो, जिंकले होते ना. चार-शून्य जिंकले होते. ती मॅच मी डेपोत ऐकली. चौथ्या गोलला मी टाळ्या वाजवल्या. जन्माचा पिवळा माणूस निळ्यांच्या गोलला टाळ्या वाजवतोय म्हणून पोरं तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, आज माझी पोर घरात निवांत बसली असेल.

चार दिवसांनी ती जरा बोलायला लागली. मी तिच्या उजव्या बाजूला बसलो होतो. तिनेच विचारलं, "बाबा, गुरुवारीच का नेऊन सोडलंत? आई नको म्हणत होती, मी नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात, गुरुवार चांगला आहे. कशावरून?"

मी सांगितलं. डेपोच्या भिंतीवर मॅचचं वेळापत्रक लावलेलं आहे, त्यात बघून ठरवलं. सोप्या मॅच बघून. बाप म्हणून मी तिच्यासाठी एवढंच केलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "बाबा, त्याला फुटबॉलचं काहीच नसतं. निळ्यांचा गोली कोण, हेही त्याला सांगता यायचं नाही."

"मग हरल्यावर डोकं फिरतं म्हणाला तो. तुझे सासरेही म्हणाले."

"हरो नाहीतर जिंको. मॅच असली की सासरे रेडिओ लावतात. तो आतून आवाज ऐकतो, आणि उठतो. मग त्याला मोकळं रान असतं."

"आणि मॅच नसली तर?"

"तेव्हा आवाज होणार नाही असं करतो," ती म्हणाली. माझा हात तिच्या हातावर होता तो मी काढून घेतला.

मग तिने त्या दिवसाचं सांगितलं. मध्यंतरानंतर सुरू झालं. ती तुम्हाला हाका मारत होती. आधी "बाबा" म्हणून मारल्या, मला वाटलं मला, तर नाही, तुम्हाला. तुम्हालाही ती बाबाच म्हणते. तुम्ही रेडिओ आणखी मोठा केलात. "चौथा गोल झाला," ती म्हणाली, "तेव्हा रेडिओवर सगळे ओरडत होते आणि मीही ओरडत होते. मला वाटलं, आता गोलचा गोंगाट थांबला की माझा आवाज त्यांना जाईल. पण त्यांनी बाहेरून टाळ्या वाजवल्या."

तर आपण दोघांनी एकाच वेळी टाळ्या वाजवल्या, टेलरसाहेब. माझी चूक मी कुठल्या तोंडाने झाकू. पण मला माहीत नव्हतं. मी माहीत करून घेतलं नाही, हेही खरं. तिची आई मला जे म्हणते ते मी मान खाली घालून ऐकतो आणि जन्मभर ऐकेन. तुमचं तसं नाही. तुम्हाला ऐकू येत होतं. ऐकू येत नसतं तर आवाज कशाला वाढवला असता तुम्ही?

विहीणबाई काय करत होत्या, विचारलं. चिमणी म्हणाली, त्या अशा वेळी देवळात जातात. तेवढंच.

आम्ही तक्रार दिलीय. तुमच्या मुलाला परवा नेलं, ते तुम्हाला कळलंच आहे. त्यावर तुमचा निरोप आला, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणू नका, आपण दोघं एकमेकांचे जुने दोस्त आहोत, हंगाम संपला की बसून बोलू. हंगाम गेला खड्ड्यात. वकीलबाई म्हणतात, शेजारणीने फक्त नंतरचं पाहिलंय. तुमचा मुलगा सांगतो, जिन्यावरून पडली. घरात त्या वेळी तिसरं माणूस तुम्हीच होतात. तुम्ही कानावर हात ठेवलेत तर तो सुटेल, आणि सुटला तर इथे येईल. पुन्हा माझ्या पाया पडेल, पुन्हा रडेल. चिमणी दारावर टकटक झाली की आता उठून मोरीत जाऊन उभी राहते. एका कानाने आवाज कुठून आला ते तिला कळत नाही, म्हणून प्रत्येक आवाज तिला दारातला वाटतो.

पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. तुम्हाला बोलावणं येईल. मुलगा तुमचा आहे, हे मी विसरलेलो नाही. तुमच्या जागी मी असतो तर माझी जीभ उचलली असती का, हेही मला ठाऊक नाही. म्हणून मी तुम्हाला शिव्या लिहायला बसलो होतो ते सोडून हे लिहितोय. मॅच चालू होती, असं सांगू नका. मॅच चालू होती हे सगळ्या गावाला माहीत आहे. फळीच्या पलीकडून काय ऐकू आलं, ते सांगा. ती समोर बसलेली असेल. तिला आता एकाच कानाने ऐकू येतं, तेव्हा तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगा.

मुलीचा बाप