शिक्षण हाच तिचा वाटा

मी, श्रीमती हौसा केसरीनाथ तरे, वय ७३, राहणार वळ, तालुका भिवंडी, शुद्धीवर असताना व कुणाच्या दडपणाशिवाय, वकिलांना सांगून हे मृत्युपत्र करून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे.

१. राहते घर मुलगा प्रितम याला. तो दहावी नापास, पण शेतावर गोदामे उभी राहिली आणि लोक त्याला शेठ म्हणू लागले. त्याचे बरे चालले आहे, मला आनंदच आहे.

२. यजमान गेल्यावर मुलगी निशा हिची हक्कसोडपत्रावर सही घेतली. प्रितम म्हणाला, "ताईला बी.कॉम. केली ना? त्योच तिचा वाटा." मी म्हटले होते, पोरीला विचारा. कुणी विचारले नाही.

३. त्या वाट्याचे काय झाले तेही सांगते. निशा आमच्याच जमिनीवरच्या गोदामात कॉम्प्युटरवर मालाची नोंद करते. शेजारी बसणारा कुमार बारावी शिकलेला. काम तेच, तेही निशाने शिकवलेले. पगार मात्र त्याला जवळजवळ दुप्पट. निशाने विचारले तर गोदामाचे साहेब म्हणाले, "त्याला घर चालवायचं असतं." जावयांचा कापडाचा लूम कधीचा बंद आहे; मग निशाचे घर काय वाऱ्यावर चालते?

४. निशाची मुलगी मृणाली यंदा बारावीला आहे. परवा निशा म्हणाली, "आये, माझ्या शिक्षनाचा काय उपेग झाला? परीक्षा झाली का हिला पॅकिंगला लावते." अडाणी माणूस असे बोलला असता तर मी भांडले असते. बोलली ती माझी शिकलेली लेक.

५. म्हणून माझ्या नावावरचा गोदामाचा गाळा निशाला. हे दान नाही, वाटा आहे. भाड्यातून आधी मृणालीचे कॉलेज, मग बाकीचे. निशाने नको म्हणू नये. प्रितम, तू कोर्टात गेलास तर भाऊबीजेला ताईसमोर पाटावर कसा बसशील?

६. नणंद काशी म्हणायची, "शिकलेल्या पोरीला नवरा न्हाय गवसत." तिला माझी लोणच्याची बरणी द्यावी. रिकामी.

७. वकिलांनी अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली आहे. ती मागे घ्यावी. निशा चौथीत असताना तिने चुलीपुढच्या राखेत माझे बोट धरून मला माझे नाव लिहायला शिकवले. तिच्या शिक्षणाने घराला काय दिले असे विचारतात. ते खाली आहे.

सही: हौसा केसरीनाथ तरे

साक्षीदार: १. हिरामण भोईर (सही)
२. बायजाबाई केणे (अंगठा)

ठिकाण: वळ, भिवंडी
दिनांक: ९ डिसेंबर २०२५