आधी सूर्य, मग बॅटरी

१२ एप्रिल २०२५, शनिवार. सकाळी ७.
बस दारात आली. बंद पडलेल्या एका शाळेची पिवळी बस. सीट काढल्या, दिवाण टाकला, ओटा झाला. आता बस नाही म्हणायचं, घर म्हणायचं. सत्यशीलाला (सौ.) घेऊन भारत पाहणार. सुरुवात लिंबागणेशच्या गणपतीपासून, कारण जवळ आहे.
लाइटचं काय, हा प्रश्न गल्लीत चौघांनी विचारला. सोलर. डिझाइन माझं. एकतीस वर्षं अकरावी-बारावीला वीज शिकवली आहे.
संकल्प : मेकॅनिक लोकांची लुडबूड चालू द्यायची नाही.

१४ एप्रिल.
हिशोब पूर्ण. दोन पंखे, चार दिवे, छोटा फ्रिज, मिक्सर. (मिक्सर सत्यशीलाच्या आग्रहामुळे. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भारत दिसत नाही म्हणे.) आमच्या बीड जिल्ह्यातलं ऊन बारा तास. पॅनलचे वॅट गुणिले बारा. वीज इतकी उरते की शेजाऱ्यांना द्यावी लागेल.
कागद जावेदला दाखवला. जावेद शेख, २००९ ची बॅच, माझा विद्यार्थी. स्टँडसमोर बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान. त्यानं कागद वाचला आणि म्हणाला, सर, बारा न्हाई, पाच तास धरा. मी विचारलं, मग उरलेले सात तास सूर्य कुठं जातो? म्हणाला, जात न्हाई कुठं, पन तिरपा पडतो ना.
मुद्दा बरोबर आहे. सांगण्याची पद्धत बरोबर नाही. बारा खोडून सात केले.

१९ एप्रिल. दुपार.
टपावर चार पॅनल बसले. जावेद वर चढला, मी खालून छत्री घेऊन देखरेख केली. ऊन फार होतं. बॅटऱ्या दिवाणाखाली. पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये एक डबा असतो, कंट्रोलर. तो भिंतीवर लावला. वायरी नुसत्या सोडून ठेवल्या.
त्याच्या अम्मीचं, आमिनाबीचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरतंय अंबाजोगाईला. तिकडून आल्यावर जोडणी करतो म्हणाला. जाताना दोनदा बजावलं : सर, आदी बॅटरी जोडायची, मंग पॅनल. अन् मी येईस्तोवर हात लावू नका.
मला! हात लावू नका!

२८ एप्रिल.
जावेद अजून अंबाजोगाईला. परवा अक्षय्य तृतीया. माझा मुहूर्तावर विश्वास नाही. पण घरातल्यांच्या श्रद्धेचा मान राखावा लागतो. त्याच मुहूर्तावर मीच जोडणी करू का, सत्यशीलाला विचारलं. ती म्हणाली, मला कशाला मधी घेता, जावेद येऊ द्या की. म्हणजे तिची हरकत नाही.
गावातले बागायतदार सुंदरराव यांना आमरसाचं निमंत्रण दिलं. त्यांच्या मळ्यातल्या वस्तीवर बारा घरांना सोलर बसवायचंय आणि ते काम जावेदला द्यायचं म्हणतात. पोराचं पहिलं मोठं काम. त्यांनी नमुना पाहावा, हाच हेतू. माझा काही स्वार्थ नाही.

३० एप्रिल, बुधवार. दुपारी ३.
मुहूर्त ११.४०. सत्यशीलानं कंट्रोलरला हळद-कुंकू लावलं, फूल ठेवलं. गर्दी बरी होती. मी छोटंसं भाषण केलं. सर्व ऊर्जेचं मूळ सूर्य, म्हणून पहिला मान सूर्याचा. आधी पॅनल, मग बॅटरी. आधी देणारा, मग घेणारा. टाळ्या झाल्या.
पॅनलच्या वायरी जोडल्या. टक् असा आवाज. मग वास. मग बारीकसा धूर.
लोक म्हणाले, उदबत्ती असंल.
सुंदररावांनी विचारलं, काय झालं सर? माझ्या तोंडून निघून गेलं की माल दोन नंबरचा दिसतोय. ते म्हणाले, जावेदनंच दिला ना? मी म्हणालो, नाव कशाला घ्यायचं कुणाचं.
आमरस चांगला झाला होता. मला गेला नाही.

१ मे.
कंट्रोलरसोबत आलेलं माहितीपत्रक वाचलं. दुसऱ्याच पानावर, ठळक अक्षरात : आधी बॅटरी. चित्रसुद्धा आहे. पत्रक गादीखाली ठेवलं.
विचारांती : मी खोटं बोललेलो नाही. 'दिसतोय' म्हणालो. तो अंदाज होता. विज्ञानात अंदाज चुकतात.
तरी दिवसभरात तीनदा गादी उचलून पाहिली. पत्रक तिथंच होतं.

२ मे, शुक्रवार.
जावेद परतला. स्टँडवर उतरला तो थेट इकडेच. डब्याला नाक लावून वास घेतला. विचारलं, सर, आदी काय जोडलं होतं?
बॅटरी, म्हणालो.
त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी टपाकडं पाहिलं. बरं, म्हणाला. जळका डबा घेऊन गेला, तासाभरात नवीन आणून लावला. आधी बॅटरी, मग पॅनल. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, माल माझ्याकडचा, तर जिम्मेदारी पन माझी.
त्यानं पैसे घ्यायला हवे होते. पैसे घेतले असते तर मला इतकं वाईट वाटलं नसतं.
पंखा लागला. खाली बसून पाहिलं. बसवेना, म्हणून उठलो.

५ मे.
हॉटेलात चहाला गेलो. चर्चा अशी की जावेदच्या मालानं सरांच्या गाडीत बॅटरी फुटली. मी तिथल्या तिथं दुरुस्ती केली : फुटली नाही, फक्त धूर निघाला. म्हणजे मी त्याची बाजू घेतली. एवढं पुरे व्हायला हरकत नाही.
पण कुणीतरी म्हणालं की सुंदरराव आता बीडचा माणूस बघतायत. शनिवारनंतर ठरवणार.
संकल्प : गुरुवारी जाऊन सुंदररावांना खरं सांगणार. एकच तर वाक्य आहे.

८ मे, गुरुवार.
गेलो. चहा झाला. बोअरच्या पाण्यावर चर्चा झाली, उसावर झाली. त्यांचे जावई बसले होते. परक्यांसमोर असा विषय काढणं बरं दिसत नाही. परत आलो.
जावई दहा मिनिटांत उठून गेले होते. मी आणखी तासभर बसलो होतो. हे इथं लिहून ठेवतो, कारण वही माझीच आहे.

११ मे, रविवार.
पहिला प्रवास, लिंबागणेश. दर्शन झालं. शास्त्रानुसार बस उन्हात लावली. बॅटरी फुल. आत भट्टी. आम्ही दोघं दूर लिंबाखाली बसून जेवलो आणि बसमध्ये दोन्ही पंखे रिकाम्या दिवाणाला वारा घालत होते. सावलीत लावली असती तर आम्ही गार आणि बॅटरी रिकामी. या अडचणीवर विचार चालू आहे.
जेवताना सत्यशीला म्हणाली, अहो, त्या दिवशी वरून आलेल्या वायरी मीच तुमच्या हातात दिल्या होत्या. बॅटरीच्या तर दिवाणाखालीच होत्या.
मी म्हणालो, तुला त्यातलं कळत नाही.
ती म्हणाली, न्हाई कळत. पण काल आमिनाबी भेटली. डोळ्यावर काळा चष्मा होता. माझा हात धरून इचारत होती की बाई, माझ्या पोरानं काय केलं ते सरांना इचारा. मी काय सांगू तिला?
परत येताना ती मागं दिवाणावर जाऊन बसली. जवळचं लिंबागणेश फार लांब वाटलं.
लाज वाटते. मला लाज वाटते. दोनदा लिहिलं तरी कमी होत नाही.

१४ मे, बुधवार. संध्याकाळी ६.
सांगितलं. सुंदररावांच्या ओट्यावर चार माणसं असताना, उभ्यानं. म्हणालो, सुंदरराव, माल चांगला होता. मी आधी पॅनल जोडले. मी जाळला.
सुंदररावांनी मला हाताला धरून बसवलं. म्हणाले, सर, लई मोठं मन हाय तुमचं. इद्यार्थ्याची चूक अंगावर घेताय. असा गुरू आता मिळायचा न्हाई. काम कालच बीडच्या पार्टीला देऊन टाकलं, तुमी जीव नका जाळून घेऊ. तुमी येळेवर बोललात म्हणून आमी वाचलो.
मी पुन्हा म्हणालो, खरंच मी जाळला. ते बाकीच्यांना म्हणाले, बघा, अजून झाकतायत.
मग कुणीतरी माझ्या पाया पडलं. मी पाय मागं घ्यायला हवा होता. एवढी माणसं बघत होती. घेतला नाही.

१५ मे, गुरुवार.
जावेदच्या दुकानात गेलो. कुणाचातरी इन्व्हर्टर उघडून बसला होता. स्टूल दिलं. सगळं सांगितलं : धूर, दोन नंबर, गादीखालचं पत्रक, कालची पाया पडण्याची गोष्टसुद्धा.
म्हणाला, डबा खोलला त्याच दिशी कळलं सर.
मग बोलला का नाहीस, विचारलं.
हातातला स्क्रू पूर्ण पिळून झाल्यावर बोलला. म्हणाला, का म्हनून बोलू सर? नवीन गिऱ्हाईक आलं की इचारतं, काम कुठं शिकला? मी तुमचं नाव सांगायचो. सर चुकले असं मीच गावात सांगितलं असतं, तर मंग माझं काय राहिलं असतं?
मी विचारलं, आणि आता काय सांगतोस?
राग नव्हता त्याच्या बोलण्यात. म्हणाला, आता सांगतो की आपला आपन शिकलो.
मी उठलो. त्यानं चहा सांगितला होता, तो न घेताच निघालो.
खरं तेच सांगतोय. आपला आपणच शिकला तो.