समईचा ठिपका

हर्षद,

हे तुला पाठवणार नाहीये. पाठवलं तर नुसतं 'सॉरी ना ताई' येईल.

आठवडाभर मुलुंडच्या कॉम्प्युटरवरचे फोटो-व्हिडिओ मी आपल्या दोघांच्या क्लाउडवर चढवले. आणि तू कॅनडात बसून, जागा भरली म्हणून साफसफाई केलीस! तिथून उडवलं की इथूनही उडतं, माहीत नव्हतं? ट्रॅशसुद्धा रिकामा केलास!

म्हणे, 'त्या गणपतीच्या व्हिडिओत काळोखच होता, एक ठिपका सोडून.' अरे, लाइट गेली होती. तो ठिपका म्हणजे समई. बाबा गणपतीसमोर गाऱ्हाणं घालत होते, शेवटचं.

यंदा ते मला घालायचंय. काल आठवायला बसले. आपण सगळे मागून म्हणायचो ते 'व्हय म्हाराजा' तेवढं आठवतं. बाबा काय म्हणायचे, ते कुणालाच आठवत नाही रे.

तुझ्यावर भडकलेली,
जान्हवी