नुसती चार्ज करणारी वायर

सोलापूर
फाल्गुन वद्य पंचमी (तुमच्या वर्कशॉपच्या कॅलेंडरात जी तारीख असेल ती)

श्री. महेश्वरराव यांस रुद्रप्पाचे सप्रेम शरणार्थ.

आपली प्रकृती, वहिनींचे गुडघे आणि कुर्डुवाडीचा उकाडा हे तिन्ही सोसवेल इतपत असावेत. इकडे आपली भगिनी शिवलीला ठीक आहे. मी आहे तसाच आहे, असं ती सगळ्यांना सांगते आणि सांगताना उसासा टाकते.

पत्रास कारण की, एक गंभीर तक्रार आहे. गड्ड्याच्या जत्रेला आपण चार दिवस आमच्याकडे राहिलात आणि जाताना आमची मोबाईलची काळी वायर उचलून, अगदी तशीच दिसणारी आपली वायर मागं ठेवून गेलात. चोराला काय शिक्षा द्यावी हे शास्त्रात सांगितलेलं आहे. पण चोरीच्या जागी जुळा पदार्थ ठेवून जाणाऱ्या मेहुण्याला काय द्यावं, हे दोन स्मृती चाळूनही मला सापडलेलं नाही. आपण म्हणाल, एका वायरीसाठी एवढं कशाला. तेच सांगतो.

महिन्यापूर्वी माळा आवरताना काव्याचा कॉलेजातला खोका निघाला. त्यात काडेपेटीएवढा एक बोर्ड होता. दोन्ही कडांना खिळ्यांच्या रांगा, मध्ये एक चौकोनी काळा ठिपका. भंगारात टाकू का, एवढंच विचारायला पुण्याला फोन लावला. आपल्या भाचीचा फोन कसा असतो हे आपण जाणताच. गेली दोन वर्षं एकच मंत्र: ‘आप्पा, जेवलाव का? आई बरी हाय का? ठेवते, बस आली.’ त्या दिवशी मात्र ती पाऊण तास बोलली. संगणकावर आज्ञा लिहायची, वायरीनं या बोर्डात उतरवायची, मग तो ती जन्मभर पाळतो, म्हणाली. (असा आज्ञाधारक प्राणी आमच्या घरात प्रथमच येत होता.) टाकू नका, चालवून बघा की, म्हणाली. पाऊण तासासाठी मी काहीही चालवून बघितलं असतं. मी बोर्ड चालवायला घेतला.

आपली वायर लावली, बोर्डावर तांबडा दिवा लागला. मी कृतार्थ झालो. तिला फोन करून विजयवार्ता दिली. ती म्हणाली, ‘आप्पा, त्याचा अर्थ करंट आला एवढाच.’ तोवर शिवलीलेनं विभूती आणली होती. आमच्या घरात नवी वस्तू, मग ती मिक्सर असो वा झाडू, विभूतीशिवाय कामाला लागत नाही. आणि ती कोरडी लावणं आपल्या माहेरच्या रीतीत बसत नाही. तिनं पाण्यात कालवून तीन बोटांनी तीन पट्टे ओढले, थेट त्या खिळ्यांवरून, दिवा चालू असताना. दिवा गेला. ‘इरली बिडी, असू दे, येईल परत,’ असं म्हणून ती कणीक मळायला गेली. पुन्हा पुण्याला फोन. ‘कुठं लावली आईनं, दाखवा की,’ म्हणून काव्यानं व्हिडिओवर बोर्ड पाहिला आणि एवढी हसली, की तिकडं तिचा कुकर तीन शिट्ट्या देऊन गेला तरी तिला कळलं नाही. वायर काढा, मऊ ब्रशनं आणि स्पिरिटनं पुसा, दोन दिवस वाळवा. बोर्डानं मनात काही न ठेवता पुन्हा दिवा लावला.

पण संगणक मात्र त्याला ओळख देईना. ‘पोर्ट’ नावाची यादी उघडायची, तिच्यात बोर्डाचं नाव दिसायला हवं. अकरा दिवस मी ती रिकामी यादी पाहिली. मधल्या काळात काव्यानं मला आज्ञांची भाषा शिकवली. त्यात दोन भाग असतात: एक ‘सेटअप’, तो एकदाच; दुसरा ‘लूप’, तो अखंड. मी म्हटलं, म्हणजे दीक्षा आणि नित्यपूजा. ही गोष्ट सांगायला इंजिनिअर कशाला हवा, आमचे पाठशाळेतले गुरुजी छडीच्या साहाय्याने सांगत. ती म्हणाली, आमच्यात छडी नसते, तांबड्या अक्षरात चूक दाखवतात. मी म्हटलं, तेच ते. असे आम्ही सकाळी अकराला बोलायचो, दुपारी तीनला बोलायचो. एका मंगळवारी तर अकरापासून जेवणाच्या वेळेपर्यंत. कंपनी उदार असावी. मी एकदा तसं म्हटलं. ती म्हणाली, घरूनच काम असतं हल्ली, आणि लगेच ड्रायव्हरबद्दल बोलायला लागली. (हा ड्रायव्हर गाडी चालवत नाही, त्यामुळे मी अधिक चौकशी केली नाही.)

बाराव्या दिवशी ती म्हणाली, ‘आप्पा, ती वायर कुठली?’ मी म्हटलं, तुझ्या मामाची. मग उलगडा झाला. काही वायरी म्हणे नुसत्या चार्ज करतात. करंट नेतात, निरोप नेत नाहीत. आपण आमच्या घरी नेमकी तशी ठेवून गेलात. नवी वायर आणली, यादीत नाव उमटलं. शिवलीलेला पोळ्या सोडून बोर्डावरचं मसुरीएवढं बटण दाबून धरायला बसवलं, मी आज्ञा उतरवली. निळा दिवा लागला, विझला, लागला. शिवलीला म्हणाली, ‘एवढ्यासाठी?’ या प्रश्नावर भाष्य करण्याची माझी पात्रता नाही.

वहिनींना नमस्कार.

आपला,
रुद्रप्पा

ता. क. वायर परत पाठवू नका. नव्या दोन आणल्या आहेत.

ता. क. दुसरा. दिवा लागला हे काव्याला मी अजून सांगितलेलं नाही. काल तिला म्हटलं, यादी अजून रिकामीच आहे. सत्तावन्नाव्या वर्षी लेकीशी पहिल्यांदा खोटं बोललो.

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र हेच. फोनवर बोललो असतो, पण आपली बहीण शेजारी असते. आपल्याकडे रेल्वेचा पास आहे. येत्या रविवारी काही निमित्त काढून पुण्याला जाऊन या. नोकरीचं विचारू नका; मामा म्हणून जेवायला बसा आणि ती कशी आहे तेवढं बघा. महिनाभरात फोनमध्ये एकदाही बसचा हॉर्न ऐकू आलेला नाही, ‘मीटिंग आहे’ म्हणून तिनं एकदाही फोन ठेवलेला नाही. तिची नोकरी गेली आहे. नोकऱ्या जातात, मिळतात, त्याची मला धास्ती नाही. जत्रेत आपल्या चिरंजीवांवर, बसूवर, घरी बसलेला इंजिनिअर म्हणून, मी सगळ्यांसमोर श्लोक रचून म्हटला. आपणही मोठ्या मनानं हसलात. काव्या ताट उचलून आत गेली होती, हे मला आता आठवतं. महेश्वरराव, ती आमच्यापासून लपवते आहे ते माझ्या या जिभेच्या भीतीनं, असं मला वाटतं. बसूलाही माझ्या वतीनं काही सांगता आलं तर सांगा. मला शब्द सुचत नाहीत.