लाल फ्रेम कुणाच्या नावावर करायची

मी, खाली सही करणारा, घरात आणि गल्लीत 'उपद्व्याप' या नावाने ओळखला जाणारा, वय बावीस, काम स्टिकर आणि पाट्या छापायच्या दुकानात मशीन चालवणं, राहणार आईबाबांकडे मागच्या खोलीत, पूर्ण शुद्धीत असताना हे लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. याबद्दल घरात दोन मतं आहेत, त्यातलं माझं मी इथे नोंदवतो. हे लिहायला मला कुणी भाग पाडलेलं नाही. ताईने पाडलं, पण ती मला सगळंच करायला भाग पाडते, त्यामुळे ते वेगळं धरायचं कारण नाही.

झालं असं. या रविवारी पाण्याच्या टाकीच्या टेकडीवरून उतरणीची शर्यत आहे. माझी लाल सायकल उतरणीचीच आहे, पण मी घेतली तेव्हाही ती जुनी होती. सायकलवाल्या मिस्त्रींनी त्यांच्या दुकानात माझ्यासाठी एक नवी फ्रेम बाजूला काढून ठेवलीय आणि मी कधीपासून "बघतो, बघतो" करतोय. ताई इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत काम करते. माझा मोडलेला हात तिनेच बांधला होता, आणि पुढच्या वर्षी दुसरा हातही. परवा जेवताना ती म्हणाली,

"त्या लाल सांगाड्यावरून परत उतरणार असशील तर आधी मृत्युपत्र लिही. मी प्लास्टर घालते, जादू नाही करत."

"लिहितो," मी म्हटलं.

"लिहीच. बघू तरी, तुझ्याकडे द्यायला आहे काय."

"जेवताना असलं बोलू नका रे," आई म्हणाली. बाबांनी पाणी मागितलं, म्हणजे विषय संपला.

ताईला वाटलं मी हसण्यावारी नेईन. पण मी गंमतसुद्धा अर्धवट करत नाही.

कलम पहिलं. खोली. मागची खोली मी ताईला देणार होतो, कारण ती लहानपणापासून त्या खोलीसाठी भांडतेय. पण शेजारचे हेडमास्तर म्हणाले, खोली बाबांची आहे, जे आपलं नाही ते देता येत नाही. म्हणून खोलीतला पंखा देतो, तो माझ्या पगाराचा आहे. सगळ्यात जोरात लावू नये. कुरकुर करायला लागतो, आणि मग आपण झोपेत त्याला उत्तरं देतो.

कलम दुसरं. शिल्लक. बँकेत जे काही आहे ते मी नव्या फ्रेमसाठी साठवलेलं आहे. मी गेलो तर ते आईचं. तिने त्यातून स्वतःसाठी काहीतरी घ्यावं. मिक्सर घेऊ नये. मिक्सर सगळ्यांचा असतो.

कलम तिसरं. हेडमास्तर. आमच्या इमारतीला पुढचा आणि मागचा असे दोन जिने आहेत. पुढच्या जिन्यावर एकदा पाटी लागली, 'हा जिना फक्त उतरण्यासाठी आहे'. निळ्या अक्षरात, खाली 'आदेशावरून'. हेडमास्तर बरेच दिवस मागच्या जिन्याने धापा टाकत चढत होते. मग एका सकाळी आमच्या दारात उभे.

"पाटी कुणी लावली?"

"ज्याच्याकडे मशीन आहे त्याने असेल सर."

"मला तुझाच संशय यायला हवा होता. पण शुद्धलेखन बरोबर होतं."

"ते दुसऱ्याकडून तपासून घेतलं होतं सर."

"तेवढी एक चांगली सवय आहे तुला," ते म्हणाले आणि पुढच्या जिन्याने खाली गेले. पाटी काही त्यांनी काढली नाही. मला वाटतं, मागून चढणाऱ्या बाकीच्यांना बघायला त्यांनाही आवडायला लागलं होतं. त्यांना मी 'चढलात तरी चालेल' अशी एक पाटी देतो. छापून तयार आहे.

कलम चौथं. हत्यारं. पाने, चेन तोडायचं हत्यार आणि ग्रीसचा डबा ढापण्याला. ढापण्या म्हणजे माझा मित्र, चष्मा जाड आहे म्हणून ढापण्या. माझा पंपही त्यालाच देतो. तो गेल्या वर्षापासून त्याच्याकडेच आहे, निदान मागायचा त्रास वाचला.

इथपर्यंत शुक्रवारी लिहिलं. पुढचं शनिवारचं आहे आणि त्याला वेळ लागला.

कलम पाचवं. लाल फ्रेम. आधी फ्रेमची बाजू मांडतो, कारण तिच्या बाजूने घरात कुणीच बोलत नाही. टाकीच्या टेकडीवर दुसरं वळण आहे, झाडाच्या मुळांवरचं. तिथे मी मागच्या शर्यतीत पडलो, आणि त्यात चूक फ्रेमची नव्हती, माझी होती. ती घसरायच्या आधी सांगते. मागून एक हलका झटका देते, की आता घसरणार, बघ बाबा. एवढं सांगून कुणी घसरतं का. गेलं वर्षभर मी ते वळण रोज मनात घेतलंय, स्टिकर कापतानासुद्धा. मला या रविवारी ते याच फ्रेमवर घ्यायचं होतं.

आता मिस्त्रींची बाजू. ते म्हणाले, "तुझे गुडघे हँडलला लागतात. फ्रेम लहान नाही झाली, तू लांब झालास."

"मग नुसता पुढच्या चाकाचा फोर्क नवा टाका."

"नवा फोर्क या गळ्यात बसत नाही. हिची नळी सरळ आहे, नव्याचा दांडा खाली रुंद असतो."

"मोठी चाकं?"

"मागच्या फटीत मावणार नाहीत."

"म्हणजे फ्रेम बदलली तर सगळंच बदललं. मग जुनं राहतं काय?"

"सीट," मिस्त्री म्हणाले. "आणि तू."

म्हणून ती कुणाला द्यावी हे ठरवायला बसलो. विचार करायचा प्रश्नच नव्हता. ढापण्या माझ्यापेक्षा वीतभर बुटका आहे, त्याला ती अंगावर शिवल्यासारखी बसेल. शाळेपासून तो तिच्यावर डोळा ठेवून आहे. मी लिहिलं, 'माझी लाल फ्रेम ढापण्याला, त्याने ती चालवावी.' ते हेडमास्तरांना दाखवलं, साक्षीदार म्हणून सही करायला ते तयार झाले होते.

"असं नाही चालत," ते म्हणाले. "वस्तूचं वर्णन हवं. नंबर, खुणा. उद्या कुणीही म्हणेल, लाल फ्रेम म्हणजे हीच कशावरून?"

नंबर खाली, पेडलच्या नळीच्या पोटावर कोरलेला असतो. माझ्या फ्रेमवर तिथे स्टिकर होते. तिथेच कशाला, सगळीकडे होते. मी स्टिकरवाला आहे, जे स्टिकर छापताना बिघडतात ते सायकलवर जातात. 'हॉर्न वाजवा, मी थांबणार नाही'. 'मोठ्यांनी दूर राहावे'. एकावर एक, कोटासारखे. मी ताईचं केस वाळवायचं मशीन घेतलं, गरम हवा मारत एकेक सोलून काढला. नंबर मिळाला. आणि नंबरच्या जरा वर, जिथे खालची नळी जोडलेली आहे, तिथे एक रेघ मिळाली. केसासारखी.

मी अंगठा फिरवला. लागत नव्हती. रंगाची असेल, मी म्हटलं. जुन्या रंगाला अशा रेघा पडतात. उद्या मी तिच्यावरून उतरायला तयार होतो, खरं सांगतो. जराही भीती वाटली नाही. मग मी परत पेन घेतलं आणि 'ढापण्याला, त्याने ती चालवावी' याच्यापुढे नंबर लिहायला लागलो, तर हात पुढे जाईना.

आमच्या टेकडीवर एक रीत आहे, ती इथे सांगावी लागेल. आपली सायकल आपण तपासायची नाही. आपल्याला आपलीत खोट दिसत नाही. वर पोचलो की माझी ढापण्याकडे, त्याची माझ्याकडे. चाक उचलून आपटायचं, आवाज ऐकायचा, जोड बघायचे, ब्रेक ओढायचे, आणि मग एकच शब्द म्हणायचा, "जा." समोरच्याने "जा" म्हटल्याशिवाय कुणी उतरत नाही. ढापण्या माझी फ्रेम जाड चष्म्यातून नाक लावून बघतो. गेली कित्येक वर्षं तो माझे स्टिकर बघत होता. वाचून हसायचाही.

आता मी माझी सायकल ढापण्याच्या नावावर करत होतो. म्हणजे कागदावर का होईना, ती त्याची झाली होती. आणि त्याची सायकल तपासायची माझी पाळी होती. ही रेघ बघून मी त्याला "जा" म्हणालो असतो का?

फ्रेम खांद्यावर टाकून मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ती उलटी धरली. रेघेवर रॉकेल लावलं, थांबले, कोरडं पुसलं. मग खडू घासून ती जागा पांढरी केली.

"आता चहा पी," म्हणाले. "रंगाची असेल तर पांढरं पांढरंच राहील. आत चीर असेल तर प्यालेलं रॉकेल बाहेर टाकेल."

चहा पिऊन होईपर्यंत पांढऱ्यावर एक ओली, काळपट रेघ उमटली होती. डोळ्याला दिसली होती त्याच्या दुप्पट. नळीला अर्धा वळसा घालून मागे गेलेली.

"वेल्डिंग करून?" मी विचारलं.

"सामान ठेवायला चालेल. त्या टेकडीवर नाही."

"नवी उद्यापर्यंत बसवाल?"

"बसवायची म्हणून बसवू की नीट बसवू?"

त्याचं उत्तर मी इथे देतो. नीट बसवा.

म्हणून कलम पाचवं खोडून पुन्हा लिहितो. फ्रेम बदलायची, हे ठरलं. कलम दुसऱ्यातली शिल्लक मिस्त्रींना जाईल. आई, तुझं तुला पुढच्या मृत्युपत्रात. लाल फ्रेम ढापण्याला देत नाही. त्याने रागवावं, पण माझ्या नवीवरून त्याला पहिली फेरी मिळेल. लाल फ्रेम, नंबर सोबतच्या कागदावर उतरवून ठेवलाय तोच, खुणा एक पोचा व एक चीर, ही मी ताईला देतो. अट अशी की तिने चीर आहे त्या ठिकाणी तिला व्यवस्थित प्लास्टर घालावं, कापूस वगैरे लावून, आणि प्लास्टरच्या खोलीत भिंतीवर टांगावं. खोलीत येणारी पोरं घाबरतात असं तीच सांगते. त्यांनी त्या प्लास्टरवर पेनाने हवं ते लिहावं. स्टिकर मात्र लावू देऊ नये.

उद्या मी टेकडीवर जाईन, चालत. ढापण्याची सायकल तपासेन, आणि ठीक असेल तर "जा" म्हणेन. मग मुळांच्या वळणावर उभा राहून बघेन, तो ते कसं घेतो.

ताईची साक्षीदार म्हणून सही घेतलेली नाही. हेडमास्तर म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नाही. (त्यांची पाटी म्हणून सहीआधीच देऊन टाकली, आणि मिस्त्रींना जाते ती फ्रेमची किंमत आहे.) मी म्हटलं, आमच्या टेकडीवर पण असंच आहे सर.

हे सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलं, वाचून पाहिलं, आणि बरोबर आहे.

सही: उपद्व्याप

साक्षीदार पहिले: शेजारचे हेडमास्तर. (त्यांच्या अक्षरात: 'सही माझ्यासमोर झाली. शुद्धलेखनाची जबाबदारी माझी नाही. पाटी मिळाली.')

साक्षीदार दुसरे: सायकलवाले मिस्त्री. (सहीशेजारी ग्रीसचा अंगठा आहे, तो चुकून.)

स्थळ: स्वयंपाकघरातलं टेबल

दिनांक: शर्यतीच्या आदला शनिवार, संध्याकाळ

*वाचलं. फ्रेम सोमवारी घेऊन ये, पण आधी धुऊन आण. पंखा नको, खोली हवी. — ताई (साक्षीदार नाही)*