रिकामी डबी

मंगळवार, दिवेलागण

आज माझं टाळकंच फिरलं. सुनेची, सुमनची, आदिलाबादच्या दवाखान्यात सारी तपासणी झाली, काई दोष नाई निघाला. डॉक्टरीण म्हणे, आता नवऱ्याचं वीर्य तपासावं लागते. तं आमचा पोरगा गजानन नमुन्याची रिकामी डबी बाकड्यावर ठेवून घरी आला. "मले काय झालं? मी धडधाकट हावो." वरून माह्या नणंदबाई म्हणतात, सुमनले माहेरी धाडा, दुसरी पाहू.

काऊन? मांगच्या साली म्हैस गाभण नाई राह्यली तवा हाच गजानन जनावराच्या डॉक्टरशी भांडला होता, "तुमच्या रेतनाच्या कांडीतलं बीजच मेलेलं असन." तवा म्हशीले बोल नाई लावला. मंग सुनेलेच काऊन? एक डबी द्याले एवढी लाज?

जेवताना म्या सांगून टाकलं, "उद्या डबी भरून दे. नाई तं सुमन माहेरी नाई जाणार, तूच जा तिच्या बापाकडं, आन् सांग काऊन भेतं ते."

सुमन गजाननले भाकर वाढत म्हणाली, "आदिलाबादची पह्यली बस साडेसहाची हाय. दरखेपी एकटीच जातो ना मी, मले पाठ हाय."